पापक्षमा आणि रोगमुक्ति : एका क्रियापदाचा विचार

ज्ञानेश्वरीच्या प्रचलित पोथ्यांत अखेरच्या ओवीमध्यें शके १२१२ व लेखक सच्चिदानंदबाबा यांचा निर्देश आहे. मृत झालेले बाबा नेवाशास ज्ञानदेवांच्या आशीर्वादानें उठले, ही कथा मात्र त्या ओवींत नाहीं, ती परंपरेची. तींत पापाचा उल्लेखही नाहीं. महात्म्याचें वचन खरें ठरावें, एवढेंच तिचें प्रयोजन.

याच तालुक्यांतील वडाळा येथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. सॅम्युएल फेअरबँक तेथें राहत. मिशनबरोबर जीं शुभवर्तमानें या बाजूस आलीं, त्यांतील रोगमुक्तीची कथा निराळ्या जातीची आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायांत छपरांतून खालीं सोडलेल्या पक्षघाती मनुष्यास येशू प्रथम पापक्षमा सांगतो. यहुदी शास्त्री मनांत आक्षेप घेतात. मग तो त्यास बाज उचलून चालावयास लावतो. बरें होणें हें येथें क्षमेचें फळ नसून क्षमा करण्याच्या अधिकाराचा पुरावा आहे.

ज्यांच्या दप्तरांत कर्मविपाकाच्या पोथ्या आहेत, त्यांच्या हातून हा भेद सहज निसटेल. तेथें अमुक पापास अमुक रोग व अमुक प्रायश्चित्त असा हिशेब असतो. योहानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यही जन्मांधाविषयीं तसेंच विचारतात : पाप याचें कीं आईबापांचें? उत्तर मिळतें, कोणाचेंच नव्हे. पण पांचव्या अध्यायांत बऱ्या झालेल्या मनुष्यास पुन्हां पाप न करण्याची ताकीद आहेच. ग्रंथ एका बाजूस झुकत नाहीं. भाष्यकारांनीं तो झुकवूं नये, असें आमचें मत आहे.

खरी अडचण भाषांतराची. रक्तस्रावानें पीडित स्त्रीस (मार्क ५) व पापी स्त्रीस (लूक ७) उद्देशून मूळ ग्रीकमध्यें एकच वाक्य आहे. त्यांतील क्रियापदांत बरें करणें व तारणें हे दोन्ही अर्थ नांदतात. लॅटिननें दोन्हीं ठिकाणीं एकच शब्द राखला. १६११ च्या इंग्रजीनें तो फोडला, आणि प्रचलित मराठींतही एकीच्या वांट्यास 'बरें होणें', दुसरीच्या 'तारण' आलें. वास्तविक 'वांचविणें' हें आपलें साधें क्रियापद दोहोंकडे चाललें असतें. दुखणेकरीही वांचतो, पापीही वांचतो.

बंगालच्या श्रीरामपुरास (आपल्या जिल्ह्यांतील नव्हे) १८११ सालीं छापलेला मराठी नवा करार अथवा त्यामागून निघालेल्या आवृत्ति ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवून पाहावीं व आढळलेले पाठ आम्हांस कळवावे.