‘म्हैसूरचा वाघ’ : एका रूपांतराचा विचार

हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबरीलेखनाची चर्चा बहुधा ‘उषःकाला’पासून आरंभिली जाते. त्यापूर्वी, १८९० च्या सुमारास, त्यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली होती, ही नोंद वाङ्मयेतिहासात आढळते. परंतु ती नोंदीपुरतीच. कर्नल मेडोज टेलर यांच्या ‘टिपू सुलतान’ (१८४०) या इंग्रजी कादंबरीच्या आधारे ती रचलेली आहे, एवढे सांगून इतिहासकार पुढे सरकतात. कृती परावलंबी ठरली की तिचा विचार संपला, अशी आपल्याकडे समजूत आहे. वास्तविक परावलंबी कृतीच्या बाबतीतच एक प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो : अवलंब कोणाचा केला, आणि त्या अवलंबाबरोबर दुसरे काय काय घरात आले?

टेलर हा साम्राज्याचा सामान्य भाट नव्हे. लिव्हरपूल येथे १८०८ साली जन्मलेला हा मनुष्य पंधरा-सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य कंपनीच्या नव्हे, निजामाच्या चाकरीत गेले. सुरपूर आणि नळदुर्ग या भागांचा कारभार त्याने पाहिला. मराठी आणि हिंदुस्थानी या भाषा त्याला अवगत होत्या. ‘तारा’ (१८६३) या त्याच्या कादंबरीतील तुळजापूर वाचताना, त्या पायऱ्या त्याने स्वतः उतरलेल्या आहेत, याविषयी शंका राहत नाही. त्याच्या समकालीन इंग्रज लेखकांपैकी फार थोड्यांना हे साधले. सर वॉल्टर स्कॉटने ‘सर्जन्स डॉटर’ (१८२७) या कथेत हैदर आणि टिपू यांना रंगभूमीवर आणले खरे, पण त्याने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता; फकिराच्या वेषात फिरणारा त्याचा हैदर हा अरबी कथांतील खलिफाचा सख्खा भाऊ शोभतो. हत्तीच्या पायाखाली खलपुरुषाचा शेवट करून स्कॉट मोकळा होतो. टेलरच्या म्हैसुरात मात्र माणसे चालतात, जेवतात, चिखलात रुततात.

आणि म्हणूनच टेलर अधिक धोक्याचा. स्कॉटचा टिपू खोटा आहे हे मराठी वाचकाला पहिल्या पानावरच उमगेल. टेलरचा टिपू खरा वाटतो. टिपूच्या चाकरीत शिरलेला तरुण कासिम अली आणि टिपूच्या कैदेत पडलेला तरुण इंग्रज हर्बर्ट कॉम्प्टन या दोघांभोवती त्याने कथानक विणले आहे. रचना वरवर निःपक्षपाती दिसते : एक नायक इकडचा, एक तिकडचा. परंतु दोघांच्याही सुखाच्या आड जो येतो तो टिपूच. कासिमचे सद्गुण टेलर मोकळ्या मनाने वर्णन करतो. मात्र ते धन्याच्या क्रौर्याच्या पार्श्वभूमीवर उजळावेत अशी त्याने योजना केलेली आहे. सुलतानाचा अंत झाल्याशिवाय सज्जनांची सुटका नाही, असा कथेचाच कल असल्यामुळे ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा तट फुटतो तेव्हा वाचकाला तो पराभव न वाटता सुटकेचा निःश्वास वाटतो. हे काम कोणत्याही प्रचारपत्रकाला जमले नसते. ते कादंबरीच्या घडणीने केले.

तट फुटल्यानंतर जे घडले ते इंग्रजी वाङ्मयात आले, पण दुसऱ्याच लेखकाच्या हातून. विल्की कॉलिन्स याची ‘मूनस्टोन’ (१८६८) ही रहस्यकथा म्हणून वाचली जाते; तिचा उपोद्घात मात्र श्रीरंगपट्टणच्या लुटीचा आहे. सोमनाथाच्या मूर्तीवरून निघून टिपूच्या खंजिरापर्यंत पोहोचलेला हिरा एक इंग्रज अधिकारी रक्त सांडून हस्तगत करतो आणि तो शाप होऊन एका सुखवस्तू इंग्रज घरात शिरतो. शेवटी हिरा मूर्तीकडे परत जातो. कॉलिन्सचे ब्राह्मण नकली आहेत, त्यांच्या जातिधर्माविषयीचे त्याचे ज्ञान हास्यास्पद आहे. परंतु चोरी ही चोरीच होती, एवढे त्याला दिसले. प्रत्यक्षात जी लूट रीतसर वाटली गेली तिच्यात सेनापती हॅरिसच्या वाट्याला सुमारे १ लाख ४२ हजार पौंड आले, गोऱ्या शिपायाला सात आणि देशी शिपायाला पाच. टिपूच्या ग्रंथालयातील सुमारे दोन हजार हस्तलिखितेही गेली. चार्ल्स स्ट्युअर्टने १८०९ मध्ये त्यांची सूची छापली. इंग्रज शिपायावर झेप घेणारा यांत्रिक लाकडी वाघ लंडनला कंपनीच्या कचेरीत मांडला गेला आणि आज तो तेथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मराठी शीर्षकातील वाघाचा विचार येथे करणे भाग आहे. वाघ हे टिपूने स्वतः निवडलेले चिन्ह होते. त्याच्या सिंहासनावर, शिपायांच्या अंगरख्यावर, तोफांच्या तोंडावर ते होते. परंतु विजयानंतर कंपनीने जे पदक पाडले त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली दाबून उभा आहे. टेलरने आपल्या ग्रंथाला सुलतानाचे नुसते नाव दिले होते. मराठीत तेथे ‘वाघ’ आला, आणि या शब्दात गौरवही आहे व शिकारही. वाघ म्हटला की पुढे हाकारा आलाच. (याच वाघ आडनावाचा धोंडजी १८०० साली श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातून सुटून वेल्स्लीला महिनोन्‌महिने नाचवीत होता, आणि पेशव्यांचा सरदार धोंडोपंत गोखले त्याच्याशी लढताना पडला. कादंबरीकाराला हा विषय सुचावयास हवा होता.)

तथापि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की या युद्धकथेत मराठी वाचक हा प्रेक्षक नव्हता. १७९० मध्ये पुण्यास झालेल्या तहान्वये पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन म्हैसुरात उतरले. १७९२ च्या तहात टिपूचे अर्धे राज्य, ३ कोटी ३० लाख रुपयांचा दंड आणि ओलीस म्हणून दोन मुलगे, अशी किंमत वसूल झाली व तिच्यात मराठ्यांचा वाटा होता. १७९९ च्या शेवटच्या युद्धात पेशवे प्रत्यक्ष उतरले नाहीत. पण त्या युद्धानंतर श्रीरंगपट्टणचा कारभार पाहणारा आर्थर वेल्स्लीच १८०३ मध्ये असईला मराठ्यांसमोर उभा राहिला. इतका जवळचा संबंध असलेला विषय हरिभाऊंनी इंग्रजाच्या हातून घ्यावा, हे चमत्कारिक वाटते. दप्तरे उघडलेली नव्हती, ही सबब पुरी पडत नाही. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी कागद प्रसिद्ध करावयास आरंभ केला तो त्यानंतर, हे खरे. परंतु ‘उषःकाल’ लिहिताना हरिभाऊंनी दप्तरांची वाट पाहिली नाही. तेथे त्यांना स्वतःची दृष्टी होती. येथे ती उसनी होती. वाचक टेलरने ज्या टेकडीवर उभा केला, त्याच टेकडीवरून त्याने श्रीरंगपट्टण पाहिले. एवढे मात्र मान्य केले पाहिजे, की कथानकाची गुंफण, लढाईचे वर्णन आणि दोन छावण्यांतून फिरणारी कथा यांचा सराव त्यांना येथेच झाला असावा. ज्या साच्यात साम्राज्याची कथा ओतली गेली होती, त्याच साच्यात पाच वर्षांनी शिवकाल ओतला गेला. साचा तोच, धातू निराळा. आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीत शत्रुपक्षाचे चित्रण पुढे इतके एकरंगी का झाले, याचे एक मूळ या साच्यातही शोधता येईल.

भाषांतराचा साम्राज्याशी असलेला संबंध एकट्या कादंबरीपुरता मर्यादित नाही. टिपूची फारसी पत्रे विल्यम कर्कपॅट्रिकने १८११ मध्ये इंग्रजीत आणली ती निवडून, आणि निवडीचे सूत्र होते लेखकाचे दुष्ट शील दाखविण्याचे. भाषांतर प्रामाणिक असूनही निवड अप्रामाणिक असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. ज्या म्हैसुरात १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे आणि आज राष्ट्रीय अनुवाद कार्यक्रम चालतो, तेथे या ग्रंथाची सटीप आवृत्ती निघाली तर ते उचितच होईल.

कर्कपॅट्रिकच्या संग्रहात जी नाहीत अशी टिपूची काही पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक रा. नरसिंहाचार यांना शृंगेरी मठात सापडली. ती कन्नडमध्ये आहेत. १७९१ मध्ये परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी मठ लुटला, मूर्ती हलविली. तेव्हा सुलतानाने शंकराचार्यांना आदराने लिहून मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी द्रव्यसाहाय्य पाठविले, असे त्यांवरून दिसते. टिपूने इतरत्र जे केले ते या पत्रांनी पुसले जात नाही. कोडगू आणि मलबार येथील लोकांच्या आठवणी वेगळ्या आहेत. परंतु मराठी कादंबरीकाराला हा प्रसंग टेलरकडून मिळणे शक्यच नव्हते. तो पटवर्धनांच्या गोटातून किंवा मठाच्या कोठीतूनच मिळाला असता. पत्रे उजेडात आली तेव्हा हरिभाऊ हयात होते. ‘म्हैसूरचा वाघ’ला त्या वेळी पंचवीस वर्षे होऊन गेली होती.