बन्याला मोठं का केलं?

मे महिन्यात अकोल्यात दिवे लागल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. जठारपेठेत आमच्या गल्लीत त्या वेळी गच्च्यांवर पाणी शिंपडतात, सतरंज्या अंथरतात, कच्च्या चिवड्याची परात मधे ठेवतात आणि गप्पांचं गुऱ्हाळ सुरू होतं. गेल्या उन्हाळ्यात या गप्पांत हॅरी पॉटर शिरला. एचबीओने 2023 साली पॉटरवर नवी मालिका करण्याची घोषणा केली आणि 2025 साली मुख्य भूमिकांतली तीन मुलं जाहीर झाली, तेव्हापासून आमच्या गच्चीवर सरळसरळ दोन तट पडले आहेत. दहावीतली एक मुलगी म्हणते, "आठ सिनेमे झाले न जी काका, आता पुन्हा काऊन?" तिचा धाकटा भाऊ लगेच उसळतो, "सिनेमात पीव्ज कुठे होता? सांग न! पुस्तकात तो किती धिंगाणा घालते!" त्याचं बरोबर आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांतल्या आठही चित्रपटांत शाळेतलं ते खोडकर भूत नाही. या पोराने मराठी अनुवादातून पॉटर वाचला आहे आणि सिनेमे हिंदीत पाहिले आहेत. त्याच्या डोक्यात त्या शाळेच्या दोन वेगळ्या इमारती उभ्या आहेत.

मी त्यांचं भांडण मन लावून ऐकतो, कारण मला ते फार मोलाचं वाटतं. पुस्तकावर जीव असल्याशिवाय पीव्जसाठी कोणी घसा कोरडा करत नाही. पण ऐकता ऐकता माझं मन दरवेळी आपल्या घरच्या पुस्तकांकडे वळतं. मराठीतल्या अद्भुताच्या, साहसाच्या, भयाच्या आवडत्या मालिकांचं पडद्यावर काय झालं? आणि आपण त्यावर भांडलो तेव्हा नेमकं कशावर भांडलो?

माझ्या पिढीच्या मनातलं पहिलं नाव बनेश ऊर्फ बन्या, म्हणजेच फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो, आणि डोक्यात काही चमकलं की जिभेने 'ट्टॉक' करतो. भागवतांनी त्याची वीस पुस्तकं लिहिली. त्यांत जादू नाही, राक्षस नाहीत. पण दहा वर्षांच्या वाचकाला चक्रीवादळात किंवा गुलमर्गच्या बर्फात एकटा उभा राहणारा किडकिडीत पोरगा जादूगारापेक्षा कमी वाटत नसे. मी ती पुस्तकं सुटीत वाचनालयातून आणायचो. वाचून झालं की कितीतरी दिवस आमच्या गल्लीतली सगळी पोरं ट्टॉक ट्टॉक करत हिंडायची. एकाला तो आवाज जमायचा नाही, तर तो कोपऱ्यात बसून सराव करायचा. बन्या आमच्याहून थोडाच मोठा होता, थोडाच हुशार होता. सायकल आमच्याकडेही होती. 'उद्या आपल्यावरही असा प्रसंग येईल' ही आशा हाच त्या पुस्तकांचा सगळा आनंद होता.

1987 च्या सुमारास दूरदर्शनवर मालिका आली, त्यात सुमीत राघवन फेणे झाला होता. ती साधी होती, पण पडद्यावर शाळकरी पोरगाच होता. पुढे 27 ऑक्टोबर 2017 रोजी आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला. रितेश देशमुखांची निर्मिती, क्षितिज पटवर्धनांचं लेखन, अमेय वाघ फेणेच्या भूमिकेत. इथला बनेश तरुण आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूमागचं रॅकेट खणून काढतो. चित्रपट म्हणून तो मला आवडला. गिरीश कुलकर्णींचा आप्पा ज्या सावकाशीने धमक्या देतो त्याने अंगावर काटा येतो, आणि दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले भा. रा. भागवत पाहून माझा घसा दाटला होता. विषयही खरा होता. आमच्या अकोल्यात डॉक्टरकीच्या शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहणारी मुलं दर चौकात भेटतात.

तरीही थिएटरातून बाहेर येताना काहीतरी हुकल्याची रुखरुख होती, आणि तिचं कारण मला खूप उशिरा कळलं. कथा बदलली याचं मला दुःख नव्हतं. भागवतांनी स्वतः ज्यूल व्हर्नला मराठीत आणताना त्याला आपल्या मातीत उतरवलं होतं. असा लेखक कथाबदलावर रागावला नसता. हुकली होती ती वाचकाची जागा. पुस्तकात बन्याच्या सायकलच्या कॅरिअरवर दहा वर्षांचा वाचक बसलेला असतो. बन्याला तरुण केलं की कॅरिअर रिकामं होतं. माझ्यासोबत सिनेमाला आलेला भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. मध्यंतरात त्याने विचारलं, "मामा, हा आपल्यासारखा कधी होईल?" त्याला बन्या हवा होता आणि पडद्यावर एक भला, धाडसी दादा दिसत होता.

रूपांतराची ही कसोटी मी तेव्हापासून प्रत्येक कलाकृतीला लावून पाहतो. पुस्तक वाचताना मी त्या जगात कुठे उभा असतो? पडद्याने मला तिथे उभं राहू दिलं का? घटना गाळा, पात्रं एकत्र करा, शेवट फिरवा, मला चालेल. पॉटरच्या चित्रपटांना पीव्जवाचून निभावलं ते यामुळेच. दहा वर्षांत पडद्यावरची तीन मुलं खरोखर मोठी झाली आणि त्यांच्याबरोबर बघणारी पोरंही मोठी झाली. पुस्तकाने वाचकाला दिलेली जागा कुणी हिरावली नाही. त्याउलट पर्सी जॅक्सनच्या दोन चित्रपटांत बारा वर्षांचा नायक वयाने मोठा केला, आणि खुद्द लेखक रिक रायर्डन यांनाच ते पटलं नाही. 2023 च्या मालिकेत त्यांनी स्वतः लक्ष घातलं आणि नायक पुन्हा लहान झाला. म्हणजे ही चूक फक्त मराठीत होते असं नाही. पण तिथे ती दुरुस्त करण्याची दुसरी संधी मिळते, इथे सहसा मिळत नाही.

आपल्याकडे हे साधलेलं एक जुनं उदाहरण आहे. 'चांदोबा'चे अंक ज्यांनी वाचले त्यांना खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालणारा तो राजा आठवतोच, के. सी. शिवशंकरन यांनी रेखाटलेलं ते चित्र पिढ्यान् पिढ्यांच्या स्वप्नात येऊन गेलं. 1985 साली रामानंद सागरांनी दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' आणलं. अरुण गोविल विक्रम, सज्जन बेताळ. तंत्र अगदी बेताचं. बेताळ उडायचा ते दृश्य आजचं पोरगं पाहणारही नाही. पण गोष्ट संपली की बेताळ प्रश्न टाकायचा आणि राजाने उत्तर देण्याआधी क्षणभर शांतता असायची. त्या क्षणात आमच्या घरी सगळे एकदम ओरडायचे. आजी एक उत्तर द्यायची, काका दुसरं. वेताळपंचविशीत ऐकणाऱ्याची जागा ही उत्तर शोधणाऱ्याची आहे, आणि त्या गरीब मालिकेने ती मान राखून दिली. नाटकात हे त्याहून सोपं असतं. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' 2018 साली वैभव मांगलेंच्या चेटकिणीसह पुन्हा आलं. असा बालनाट्याचा प्रयोग पाहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की चेटकीण मागून आली की सगळं सभागृह पात्राला ओरडून सावध करतं. तिथे मुलाला त्याची जागा मागावी लागत नाही.

आता नारायण धारप. त्यांच्यावर आमच्या गच्चीवर सर्वांत कडाक्याचं भांडण होतं, कारण धारपांचे वाचक कट्टर असतात. 1925 ते 2008 असं आयुष्य, शंभराहून जास्त पुस्तकं, शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचं. आणि लिहिलं काय, तर मध्यमवर्गीय घराच्या भिंतीला तडा जाऊन पलीकडचं काहीतरी आत येतं ते. समर्थ या नायकाभोवतीच्या त्यांच्या समर्थकथा तर मराठीतल्या अद्भुताची सलग, स्वतःचे नियम असलेली मालिकाच आहे. अशा या लेखकाच्या कथेचं बोट धरून राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' उभा राहिला. बर्वेंना धारपांची गोष्ट 1993 साली एका मित्राने सांगितली ती नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे आपल्याच विदर्भात, हे मला नेहमी खास वाटत आलं आहे. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून सुचलेलं, आजीचा भाग धारपांच्या 'आजी'ची आठवण करून देणारा, हस्तर हा लोभी देव आणि त्याचं सोनं ही रचना बर्वेंची स्वतःची. 12 ऑक्टोबर 2018 रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा थोड्यांनीच पाहिला. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला.

कट्टर वाचक म्हणतात, यात धारप किती? घटनांची मोजदाद केली तर थोडेच. पण तो पहिला भाग पुन्हा पाहा. बाहेर पाऊस कोसळतो आहे, आई घरात नाही, आणि साखळीने बांधलेल्या म्हातारीला जेवण भरवायचं काम एका पोरावर येऊन पडलं आहे. कॅमेरा पोराच्या उंचीवर आहे. आपल्याला म्हातारी तेवढीच दिसते जेवढी त्याला दिसते, आणि आपल्याला तेवढंच ठाऊक असतं जेवढं त्याला आईने सांगितलं आहे. धारपांचा वाचक नेमका इथेच बसलेला असतो: घरातल्या घरात, ओळखीच्या भांड्याकुंड्यांमध्ये, एकटा. पुढे चित्रपट कणकेच्या बाहुलीपर्यंत जातो. हस्तरला भुलवायला कणीक मळायची, तिची बाहुली करायची, ती घेऊन खाली उतरायचं. पोळ्यांची कणीक! आपल्या रोजच्या परातीतली वस्तू इतकी भयंकर करणं हे धारपांच्या वाचकाला शंभर टक्के ओळखीचं आहे. त्या अर्थाने 'तुंबाड' मला एकनिष्ठ वाटतो, आणि मराठी साहित्याच्या कुशीतून आलेल्या अद्भुताचं पडद्यावरचं सर्वांत मोठं यशही वाटतं.

मूळ कथेला धक्का लावू नका म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. धारप स्वतः मोठे रूपांतरकार होते. 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' उभी आहे. अमेरिकेतल्या गावात क्रूस हातात घेऊन लढवलेली लढाई त्यांनी आपल्या देवघरातल्या वस्तूंच्या आणि श्रद्धेच्या आधारावर उभी केली, आणि वाचकाला ती आपल्याच आळीत घडल्यासारखी वाटली. ज्याने हे करून दाखवलं त्याच्या कथांना काचेच्या कपाटात ठेवणं त्याच्यावरच अन्याय करणारं आहे.

माझी खरी तक्रार दुसरी आहे, आणि ती गच्चीवर फार कमी वेळा निघते. 'तुंबाड'मधली माणसं कोकणातली, नावं विनायक आणि सदाशिव, वाडा आपला, कणीक आपली; बोलतात मात्र हिंदी. फेणे करणाऱ्या आदित्य सरपोतदारांनीच 2024 साली 'मुंज्या' केला. मुंज झालेल्या पोराचं पिंपळावरचं भूत! आमच्याकडे गावागावांत पिंपळाखाली मुंजोबा असतो, म्हातारी माणसं तिन्हीसांजेला तिकडे जाऊ देत नाहीत. त्या भुताने शंभर कोटींच्या वर धंदा केला, तोही हिंदीत. पैसा हे कारण मला समजतं. अद्भुताला तंत्र लागतं, तंत्राला खर्च लागतो, आणि मराठी निर्मात्याच्या हाती तेवढा पैसा येत नाही. पण आजीने झोपताना घातलेल्या भीतीला एक भाषा असते. 'निज, नाही तर तो येईल' हे वाक्य आईच्या बोलीत ऐकलेलं पोर दुसऱ्या भाषेत ऐकतं तेव्हा त्याला अर्थ कळतो, पण पोटात गोळा येत नाही. वाचकाची जागा म्हणतो तिच्यात ही भाषा येतेच.

मराठी वाहिन्यांनी धारपांना हात लावला नाही असं नाही. 2018 साली झी मराठीवर पल्लवी जोशींची 'ग्रहण' आली, धारपांच्या कादंबरीवर बेतलेली. सुरुवात चांगली होती. पण रोज एक भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी दचकवणारं काहीतरी, या ओझ्याखाली धारपांची भीती पातळ होते. ती दबकत येते, तिला शांत दिवस लागतात. मतकरींच्या कथांवरच्या 'गहिरे पाणी'त एक गोष्ट थोड्या भागांत संपायची, आणि तिचं पाणी त्यामुळेच गहिरं राहायचं.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. धारपांच्या समर्थांना त्यांच्या तोलाची मालिका मिळालेली मी अजून पाहिलेली नाही. ती आठ किंवा दहा भागांची व्हावी, रोजची नको. ती मराठीत व्हावी, आणि त्यातली माणसं ज्या गावची असतील त्या गावचं बोलोत; वऱ्हाडातला माणूस असेल तर 'मले' आणि 'तुले'च म्हणो. आणि पुढचा फास्टर फेणे जो कोणी करेल त्याने बन्याला परत शाळेत पाठवावं, सायकलवर बसवावं. माझा भाचा आता सतरा वर्षांचा झाला आहे, त्याच्यासाठी उशीर झाला. गच्चीवर पीव्जसाठी भांडणाऱ्या पोराला मी परवा फेणेची तीन पुस्तकं दिली. त्याने दोन दिवसांत वाचून परत आणली आणि दारातच विचारलं, "बाकीची सतरा कुठे आहेत?"