कोणते मुखपृष्ठ खरे? जुन्या सुपरहिरो कॉमिक्सचा संग्रह आणि डागडुजी



'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेल. निळ्या पोशाखातला, लाल झग्याचा एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटतो आहे आणि डाव्या कोपऱ्यात दुसरा एकजण डोके धरून आपल्याच दिशेने पळत सुटला आहे. हे चित्र जो शुस्टर याचे. त्यावर 'सुपरमॅन' हे नाव कुठेही नाही. दुकानापुढून जाणाऱ्या मुलाला त्या माणसाचे नाव माहीत नव्हते, त्याचा हेतूही माहीत नव्हता. मोटार उचलणारा चांगला की वाईट, हेही चित्र सांगत नाही. पळणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला तर हा कुणी राक्षसच असावा असे वाटते. उत्तर हवे असेल तर दहा सेंट देऊन पान उलटायचे. मुखपृष्ठाचे काम एवढेच होते आणि ते त्याने चोख केले.

आज या अंकाची प्रत विकत घेणारा मनुष्य ते पान उलटत नाही. प्रत कडक पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमची बंद केलेली असते. या पाठात आपल्याला जो प्रश्न पाहायचा आहे तो इथून सुरू होतो. असे मुखपृष्ठ जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, आणि ते दुरुस्त करायचे म्हणजे कोणत्या अवस्थेकडे परत न्यायचे?

आधी वस्तू समजून घेऊ. त्या काळी चित्रकार जाड ब्रिस्टल कागदावर छापील आकारापेक्षा बराच मोठा आराखडा पेन्सिलीने काढी, मग त्यावर काळी शाई चढे. चुका पांढऱ्या रंगाने झाकल्या जात. मासिकाचे नाव म्हणजे फोटोस्टॅटचा तुकडा, तो डिंकाने चिकटवलेला असे. रंग या मूळ चित्रावर नसतच. रंगकार एका वेगळ्या छायाप्रतीवर जलरंगांनी सूचना देई, आणि छापखान्याकडे गेल्यावर निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार पट्ट्यांतून तो रंग उमटे. आतल्या पानांसाठी प्रत्येक रंगाच्या ठरावीक छटाच उपलब्ध असत. त्यांच्या मिश्रणातून जेमतेम ६४ रंग मिळत. मुखपृष्ठाला जरा बरा, चकचकीत कागद आणि अधिक काळजीपूर्वक छपाई लाभे. डीसीच्या जॅक ॲडलर यांनी तर मुखपृष्ठांवर करड्या छटांचे धुवट काम आणून त्यांना वेगळीच खोली दिली. म्हणजे ज्याला आपण 'मूळ मुखपृष्ठ' म्हणतो तशी एक वस्तू कधी नव्हतीच. काळ्या रेषांचे एक चित्र होते, रंगाच्या सूचनांचा एक कागद होता आणि लाखो छापील प्रती होत्या. रविवर्मा छापखान्याच्या तसबिरींनाही हीच अडचण आहे, पण त्यामागे निदान एखादे रंगीत तैलचित्र दाखवता येते. इथे तेही नाही.

या तिन्हींचे पुढे काय झाले? चित्रे प्रकाशकांच्या गोदामात पडून राहिली, वाटली गेली, फाडली गेली. मार्व्हलसाठी हजारो पाने काढलेल्या जॅक कर्बी यांना आपलीच चित्रे परत मिळवण्यासाठी ऐंशीच्या दशकात जाहीर झगडा करावा लागला. १९८७ मध्ये त्यांच्या हाती आली ती सुमारे दोन हजार पाने, एकूण कामाचा लहानसा भाग. छापील प्रतींची गत आणखी वाईट. युद्धकाळात जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, पुढे पालकांनी आणि शाळांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम यांचे पुस्तक आले आणि त्याच वर्षी मुखपृष्ठांवर कॉमिक्स कोडचा शिक्का बसू लागला. 'ॲक्शन'च्या पहिल्या अंकाच्या सुमारे दोन लाख प्रती निघाल्या होत्या. आज शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा अंदाज केला जातो.

जे उरले त्याला बाजाराने मोल दिले. २०१४ मध्ये या अंकाची एक प्रत ३२ लाख डॉलरना विकली गेली, २०२४ मध्ये दुसरी ६० लाख डॉलरना. मिनेसोटातल्या एका जुन्या घराच्या भिंतीत भर म्हणून कोंबलेल्या कागदांत एक प्रत निघाली, तिची गोष्ट तर या धंद्याचे पूर्ण चित्र आहे. घर १०,१०० डॉलरना घेतलेले. सापडलेल्या अंकावरून घरच्यांत ओढाताण झाली, मागचे मुखपृष्ठ फाटले आणि प्रत घसरून दीड गुणांवर आली. तरीही १,७५,००० डॉलर मिळाले. पाठीमागच्या एका फाटीची किंमत त्या घराच्या कित्येक पट होती.

हे गुण देते कोण? २००० साली अमेरिकेत सुरू झालेली सर्टिफाइड गॅरंटी कंपनी प्रत तपासते, अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते आणि पेटीत बंद करते. पेटीवर पट्टी असते. निळी पट्टी म्हणजे प्रत आहे तशी, जांभळी पट्टी म्हणजे तिच्यावर दुरुस्ती झालेली. फार जुन्या अंकांना किरकोळ बाबतीत सूट मिळते, एरवी सुटलेल्या घडीवर रंगाचा ठिपका लावला, हरवलेला कोपरा कागदाचा लगदा ओतून भरला, कडा कापून सरळ केल्या, की पट्टी जांभळी होते. आणि जांभळ्या पट्टीची प्रत त्याच गुणांच्या निळ्या पट्टीच्या प्रतीपेक्षा फारच स्वस्तात जाते.

फसवणूक रोखायला काहीतरी हवे होते, यात वाद नाही. पूर्वी विक्रेते मार्कर पेनाने पाठीचा उडालेला रंग भरून प्रत 'कोरी' म्हणून खपवत. परंतु या व्यवस्थेत एक विचित्र गोम आहे, तिच्याकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. प्रतीला ओलावा आणि उष्णता देऊन दाबाखाली ठेवले, की सुरकुत्या जातात, दुमडी सपाट होतात, गुण वाढतात. याला 'प्रेसिंग' म्हणतात, आणि ते दुरुस्तीत धरले जात नाही. पट्टी निळीच राहते. म्हणजे पानाचा आकार, कागदाच्या तंतूंची ठेवण बदलली तर चालते, कारण ते डोळ्यांना सापडत नाही. गव्हाच्या खळीने जपानी कागदाची पट्टी लावून फाट सांधली, जी पुन्हा पाण्याने सोडवता येते, तर मात्र पानावर कायमचा डाग, कारण ते सापडते. अलीकडे केवळ जतनासाठी केलेल्या अशा कामाला वेगळी पट्टी मिळू लागली आहे. तरी 'काहीच केलेले नाही' या कल्पनेचे आकर्षण तिने कमी झालेले दिसत नाही.

संग्रहालयाची रीत याच्या उलटी आहे. इटालियन अभ्यासक चेझारे ब्रांडी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात दुरुस्तीची जी तत्त्वे मांडली, त्यात दोन गोष्टींवर भर आहे. दुरुस्ती जवळून पाहिल्यावर ओळखू आली पाहिजे, आणि पुढच्या पिढीला ती काढता आली पाहिजे. रोमच्या केंद्रीय संस्थेत त्यासाठी बारीक उभ्या रेघांनी रंग भरण्याची पद्धत रूढ झाली. दुरून चित्र सलग दिसते, जवळून रेघा दिसतात. या कसोटीवर उघड केलेली दुरुस्ती हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे आणि लपून जाणारे प्रेसिंग संशयास्पद. कॉमिक्सच्या बाजाराने ही कसोटी उलटी टांगली आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे मूर्तीच्या वज्रलेपावरून भाविक आणि पुरातत्त्वज्ञ यांच्यात जो वाद होतो, तो यापेक्षा कितीतरी सरळ आहे. तिथे निदान दोन्ही बाजू मूर्तीचे भले चिंततात.

आता रंगाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. 'द इनक्रेडिबल हल्क'चा पहिला अंक मे १९६२ चा. मुखपृष्ठावर हल्क करडा आहे. स्टॅन ली यांना तो तसाच हवा होता. पण छापखान्याला तो करडा रंग सांभाळता आला नाही. आतल्या पानांत तो कुठे फिकट, कुठे जवळजवळ काळा, कुठे हिरवटही दिसतो. म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा झाला. पुढे पहिल्या अंकाची कथा पुन्हा छापताना अनेकदा तिथला हल्कही हिरवा रंगवला गेला, जणू तो आधीपासून तसाच होता. १९८६ मध्ये लेखकांनी करडा हल्क कथेत परत आणला, तेव्हा ज्या वाचकांनी फक्त पुनर्मुद्रणे पाहिली होती त्यांना ही नवीच कल्पना वाटली असणार. एका छपाईच्या अडचणीतून पात्राचा रंग ठरला आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्या अडचणीचा पुरावाच पुसला गेला. आज डिजिटल डागडुजी करणाऱ्याने यातला कोणता रंग 'योग्य' मानावा? माझे उत्तर स्पष्ट आहे: छापलेला तोच, त्याच्या सगळ्या घोळासकट. लेखकाच्या मनातला एकसारखा करडा रंग कोणत्याही वाचकाने कधी पाहिलेला नाही.

मोठ्या प्रकाशकांनी हा मार्ग घेतला नाही. मार्व्हलने १९८७ पासून आणि डीसीने १९८९ पासून जुन्या अंकांचे जाडजूड संग्रह काढायला सुरुवात केली. शुभ्र चकचकीत कागद, सपाट झगझगीत रंग. ६४ रंगांचा हिशोब न्यूजप्रिंटवर शाई पसरून फिकट होणार हे गृहीत धरून केलेला होता. तोच हिशोब शुभ्र कागदावर ओतला की लाल रंग किंचाळतो. आणि रेषा कुठून आणल्या? मूळ चित्रे नसल्यावर ग्रेग थिकस्टन यांनी काढलेली युक्ती वापरली जाई. छापील अंकाची पाने रसायनात घालून रंग उडवायचा, काळी रेषा तेवढी मागे ठेवायची. एक जुनी रंगीत प्रत संपते तेव्हा तिची नवी आवृत्ती निघते. काम वाचवण्यासाठी वस्तू खर्ची घालायची, हा सौदा मला पटतो, कारण त्यातून हजारो वाचकांना कथा मिळाली. रंगांबाबत मात्र तसे म्हणता येत नाही.

याला उत्तर म्हणून दुसरे टोक आले. आर्ट स्पीगेलमन आणि चिप किड यांचे २००१ चे जॅक कोल यांच्यावरील पुस्तक पाहा. त्यात 'प्लास्टिक मॅन'ची पाने जुन्या अंकांवरून जशीच्या तशी घेतली आहेत. रंगाचे ठिपके, सरकलेली छपाई, पिवळा पडलेला कागद, सगळे दिसते. डोळ्यांना ते फार सुखावते, आणि नंतरच्या अनेक पुस्तकांनी हीच वाट धरली. पण सावध राहा. तो पिवळेपणा १९४० च्या दशकातल्या मुलाने पाहिला नव्हता. लाकडी लगद्यातल्या लिग्निनने वर्षानुवर्षे आम्ल सोडून तो आणला आहे. ठिपके हे चित्रकलेचा भाग आहेत, पिवळेपणा हा काळाचा. दोन्ही एकत्र जपताना आपण कधीकधी स्वतःची हळहळच छापत असतो. कागदाचा पिवळेपणा थोडा उतरवून ठिपके आणि सरकलेली छपाई तशीच ठेवणारी, मधली वाट मला अधिक प्रामाणिक वाटते, जरी ती दिसायला सर्वांत कमी नाट्यमय असली तरी.

मराठी वाचकांना हा विषय परका नाही. मार्च १९६४ पासून टाइम्स समूहाने मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले, मराठीतही काढले. ली फॉकचा फँटम तिथे वेताळ झाला. आतली चित्रे अमेरिकन पट्ट्यांची असली, तरी अनेक मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी इथे रंगवलेली आहेत. वेताळाचा पोशाख स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल, अमेरिकेत जांभळा छापला जाई. तेव्हा 'अस्सल' रंगाचा आग्रह या पात्रापुढे तसाही लटका पडतो. हे अंक वाचनालयांनी बांधून ठेवले, बांधताना कडा छाटल्या, शिवणीची भोके पाडली. बाकीचे रद्दीत गेले. आज फिरणाऱ्या पुष्कळ डिजिटल प्रती हौशी माणसांनी स्कॅन केलेल्या असतात. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांतल्या काहींत वाचनालयाचा शिक्का, पेनाने लिहिलेले नाव, घडीची रेघ साफ खोडून मुखपृष्ठ नवेकोरे केलेले आढळते, आणि साफ करण्याआधीचा स्कॅन कुणी ठेवलेला नसतो. तुमच्या घरी असा एखादा अंक असेल, तर त्याचे चित्र घेताना शिक्क्यासकट घ्या, मूळ फाइल तशीच राहू द्या आणि सफाई करायचीच असेल तर ती दुसऱ्या प्रतीवर करा. गंजलेली टाचणी हलक्या हाताने काढायला हरकत नाही. चिकटपट्टी मात्र अजिबात लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन चित्रात उतरतो आणि मग तो काढताना रंगही निघतो.