माहितीपट परदेशी जातो, तेव्हा प्रश्न कोणाचा राहतो?

माध्यमं आणि शेती या विषयावर पीएच.डी. करायचं ठरवलंत, की विदर्भाच्या कापसावरचे दोन माहितीपट वाटेत येतातच. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) आणि मिखा पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११). दोन्ही परदेशात पाहिले गेले, चर्चिले गेले. मग सिनॉप्सिसमध्ये एक ठरलेलं वाक्य येतं : ‘या माहितीपटांनी विदर्भाचा प्रश्न जगासमोर मांडला.’ वाक्य खोटं नाही, पण संशोधनासाठी अर्धवट आहे. कोणता प्रश्न, कोणासाठी आणि कोणाच्या मदतीने मांडला, हे त्यातून कळत नाही.

बुलढाण्यातल्या आपल्यासारख्यांसाठी हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात बुलढाणाही होता. पडद्यावर गाव दुसरं असलं, तरी बाहेरच्यांच्या डोक्यात बसणारा ‘विदर्भातला शेतकरी’ आपल्यालाही चिकटतो.

आधी श्रेयनामावली वाचा

आपण सिनेमा संपला की उठतो. संशोधकाने तिथेच बसायचं असतं. माहितीपट परदेशी पोचवायचा, तर बहुतेक वेळा तिथली टीव्ही वाहिनी, एखादा निधी किंवा महोत्सव सोबतीला लागतो. ॲमस्टरडॅमचा इडफा महोत्सव ही त्यातली मोठी पेठ. दिग्दर्शक काही मिनिटांत विषय सांगतो, याला पिचिंग म्हणतात. समोरच्याचा प्रश्न साधा असतो : आमच्या प्रेक्षकाचा याच्याशी संबंध काय? पैसा, लांबी, उपशीर्षकं आणि गोष्टीचा धागा या उत्तरावर अवलंबून असतो.

‘नीरोज गेस्ट्स’ ही भारत आणि फिनलंडची संयुक्त निर्मिती. लांबी ५६ मिनिटं, म्हणजे टीव्हीच्या तासात नेमकी बसणारी. चित्रपट पत्रकार पी. साईनाथ यांच्या मागे चालतो. त्यांची तळमळ आणि आकड्यांवरची पकड यामुळे तो आजही अंगावर येतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. विश्लेषण प्रामुख्याने साईनाथांच्या इंग्रजीतून येतं आणि दुःख गावच्या बोलीतून. परदेशी प्रेक्षकाला वाटाड्या मिळतो, हे खरं. पण शेतकऱ्याकडे वेदना आहे आणि समज दुसऱ्याकडे आहे, अशी विभागणी नकळत होऊन बसते.

‘बिटर सीड्स’मध्ये ही विभागणी थोडी मोडते. तेलंग टाकळी गावातली एक मुलगी, जिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे, पत्रकार व्हायचं म्हणून स्वतः चौकशी करत फिरते. चित्रपटाचं खरं बळ तीच आहे. तरी चौकट बघा. पेलेड यांच्या जागतिकीकरणावरच्या त्रयीतला हा तिसरा भाग. पहिला अमेरिकेतल्या वॉलमार्टवर, दुसरा चीनमधल्या जीन्सच्या कारखान्यावर, तिसरा कापसाच्या शेतावर. म्हणजे अमेरिकी ग्राहकाच्या कपड्याचा धागा मागे मागे जात आपल्या शेतात येऊन थांबतो. इथे बीटी बियाणं आणि मोन्सँटो केंद्रस्थानी येणं स्वाभाविकच. ते नाव तिकडच्या प्रेक्षकाला आधीच माहीत असतं.

चौकटीबाहेर काय राहतं?

हाच प्रश्न बुलढाण्यातून विचारून पाहा. बीटी कापूस २००२ मध्ये आला तो महिको-मोन्सँटो या भागीदारीतून, आणि महिको शेजारच्या जालन्याची. देऊळगाव राजा परिसरात शेतकरी शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी भाजीपाल्याचं बियाणं तयार करतात. इथला शेतकरी बियाणं विकत घेतो आणि बियाणं पिकवूनही देतो. कंपनीशी त्याचं नातं लुटीचं, रोजगाराचं, उधारीचं, सगळंच असतं. ‘परदेशी कंपनी आणि बळी पडलेला शेतकरी’ या चौकटीत हा माणूस मावत नाही. शिवाय सिंचनाचा अनुशेष, कापूस एकाधिकार खरेदी, बँकेचं कर्ज आणि सावकार हे विदर्भाचे जुने वाद आहेत. २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या इफ्प्री संस्थेच्या अभ्यासकांनीही मांडलं, की बीटी कापूस हे आत्महत्यांचं आवश्यक किंवा पुरेसं कारण ठरत नाही. हा निष्कर्ष अंतिम मानू नका, पण एकच खलनायक पुढे आला की थबका.

यामागाताचा धडा

मग बाहेरची मदत घ्यायचीच नाही का? तसं नाही. जपानी दिग्दर्शक ओगावा शिन्सुके यांचा गट १९७० च्या दशकात यामागाता प्रांतातल्या मागिनो गावात राहायला गेला. त्यांनी वर्षानुवर्षं भातशेती केली आणि चित्रपटही केले. जवळच्या फुरुयाशिकी या आठ घरांच्या गावावरचा त्यांचा १९८२ चा माहितीपट तब्बल साडेतीन तासांचा आहे. भाताला थंड हवा कुठून मारते, हा अगदी गावचा प्रश्न तो उकलत बसतो. टीव्हीच्या तासात तो मावणं शक्यच नव्हतं. तरी १९८४ मध्ये बर्लिनला त्याला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला. पुढे १९८९ मध्ये यामागाता शहराने आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव सुरू केला. त्यामागे ओगावांची मोठी प्रेरणा होती. जग तिकडे येऊ लागलं. आनंद पटवर्धनांचा ‘फादर, सन अँड होली वॉर’ १९९५ मध्ये तिथेच गौरवला गेला.

थोडक्यात, प्रश्न सोपा केला तरच तो दूर जातो, असं नाही. वेळ, मुक्काम आणि आपल्या अटींवर मदत देणारा मंच मिळाला, तर गावचा प्रश्न गावच्याच शब्दांत जगात जातो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

एक, निर्माता, निधी आणि वाहिनी यांची नोंद करा. श्रेयनामावली हे प्राथमिक साधन आहे. दोन, कोण समजावतं आणि कोण रडतं, हे मिनिटं मोजून लिहा. तीन, स्थानिक वादातले पाच शब्द निवडा आणि ते चित्रपटात किती वेळा येतात ते पाहा. चार, तो चित्रपट गावात दाखवून लोक काय म्हणतात ते ऐका. चौथं काम सर्वांत अवघड आहे. पण ज्यांच्यावर चित्रपट निघाला त्यांनाच तो पाहायला मिळाला का, हे न विचारता ‘जगासमोर मांडला’ असं लिहिलंत, तर त्या जगात बुलढाणा नव्हताच असा त्याचा अर्थ होतो.