ब्रासाई

ब्रासाई : (९ सप्टेंबर १८९९ – ८ जुलै १९८४). पॅरिसच्या रात्रकालीन छायाचित्रांमुळे विख्यात झालेला फ्रेंच छायाचित्रकार. मूळ नाव ज्यूला हालास. जन्म तत्कालीन हंगेरीतील ब्राशो (सध्याचे रूमानियातील ब्राशॉव्ह) येथे. ‘ब्रासाई’ हे टोपणनाव त्याने जन्मगावाच्या नावावरून घेतले. बूडापेस्ट व बर्लिन येथे कलाशिक्षण घेऊन तो १९२४ मध्ये पॅरिसला आला. तेथे वृत्तपत्रलेखन करीत असताना १९२९ च्या सुमारास तो छायाचित्रणाकडे वळला.

पारी द न्वी (म. शी. ‘रात्रीचे पॅरिस’) हा त्याचा छायाचित्रसंग्रह १९३२ च्या अखेरीस पॉल मोरां याच्या प्रास्ताविकासह प्रसिद्ध झाला. तिवईवरील लहान कॅमेरा व काचेच्या प्रकाशसंवेदी पट्ट्या ही त्याची साधने. रात्री उद्भासन काही मिनिटे चाले आणि तो काळ ब्रासाई सिगारेट ओढून संपण्याच्या अवधीवरून मोजी. दिवा थेट समोर आल्यास त्याभोवती वलय पसरून लगतचे आकार पुसले जातात. म्हणून दिवा झाडाच्या बुंध्याआड किंवा भिंतीच्या कोपऱ्याआड राहील अशी जागा तो निवडी. धुके व ओली फरसबंदी यांमुळे प्रकाश सौम्य होऊन पसरतो, हे त्याने अचूक हेरले. मार्शल ने याच्या पुतळ्याच्या छायाचित्रात शिल्पाचा तपशील लोपून धुक्यात केवळ त्याची बाह्यरेषा उरते.

त्याच्या कलेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही येथेच आहेत. अझेन आत्जे (१८५७–१९२७) याच्या पॅरिसच्या छायाचित्रांवरून वास्तूची घडण अभ्यासता येते. ब्रासाईच्या छायाचित्रांत वास्तू नाट्यगृहातील नेपथ्यासारखी होते. तिचा काळ वा शैली त्यांवरून क्वचितच कळते. त्याची काही प्रसंगचित्रे तर परिचितांना उभे करून योजनापूर्वक घेतलेली आहेत. त्यामुळे या छायाचित्रांना निखळ दस्तऐवज मानणे योग्य होणार नाही. तथापि गॅसचे मंद दिवे आणि विजेचा प्रखर झोत एकत्र नांदत असतानाची त्या नगरीची रात्र त्यांत टिकून राहिली आहे. ती रात्र पुढे नाहीशी झाली. इमारतींची मोजमापे नकाशांतून मिळू शकतात; त्यांवर पडणाऱ्या उजेडाची नोंद मात्र अशा छायाचित्रांवाचून राहिली नसती. अंधार हा प्रकाशाचा अभाव नसून रचनेचे द्रव्य आहे, हे ब्रासाईने जितक्या समर्थपणे दाखविले, तितके फार थोड्या छायाचित्रकारांना साधले आहे.

१९७८ मध्ये त्याला फ्रान्सचे छायाचित्रणाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. दक्षिण फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले.