भंगारवाल्याच्या काट्यावर स्वयंपाकघर

पुण्यात मॉड्युलर किचनच्या जाहिरातींत ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द हल्ली सर्रास दिसतो. कपाट कशाचे केले, एवढेच त्यात सांगितलेले असते. ते पुढे सुटे कसे होणार, याबद्दल अवाक्षर नसते.

जुन्या वाड्यातले फडताळ म्हणजे भिंतीच्या जाडीतला कोनाडा आणि त्याला सागवानी दारे. लाकडात लाकूड अडकवलेले, खिळे मोजके. वाडा पडला तरी दारे शाबूत निघत आणि दुसऱ्या घरी लागत. पुढे फ्लॅट आले. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, त्यांत सरकणाऱ्या स्टीलच्या ट्रॉल्या आणि भिंतीवर स्टीलची मांडणी. हिला गावंढळ म्हणून नाके मुरडली गेली, पण मांडणी हुकावरून उतरवता येते, ट्रॉली ओढून काढता येते आणि दोन्ही किलोवर विकली जातात. मांडणीवर तेलकट धूळ बसते, हे मात्र खरे. बंद कपाटाची ओढ निव्वळ हौसेची नाही.

आजचे स्वस्त कपाट पार्टिकल बोर्डाचे. लाकडाचे बारीक तुकडे बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदात दाबलेले, वर लॅमिनेट. हा गोंद एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्यातून लाकूड वेगळे निघत नाही. काढलेला स्क्रू त्याच भोकात नीट धरत नाही. सिंकखाली पाणी झिरपले की फळी फुगते. भंगारवाला बिजागऱ्या आणि चॅनेल उचकटून नेतो, फळ्या जिन्याखाली सोडतो. जाळाव्यात तर धूर विषारी. आयएस ७१० चे मरीन प्लाय जास्त टिकते, पण तेही गोंदानेच बांधलेले. टिकणे वेगळे, पुन्हा उपयोगी पडणे वेगळे.

मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेले फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर हे आजच्या बांधीव किचनचे मूळ मानतात. त्यातली काही भिंतींपासून सोडवून संग्रहालयांत पुन्हा उभी करता आली. आपल्याकडे ‘मॉड्युलर’ म्हणवणारे कपाट पुष्कळदा जागेवरच कापून चिकटवलेले असते!

कोथरूड-सहकारनगरातल्या जुन्या इमारती पुनर्विकासात पडत आहेत. प्रत्येकीतून डझनावारी स्वयंपाकघरे बाहेर येतात. नव्या घरात कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या ट्रॉल्या ठेवून फक्त दारे बोल्टने आवळलेली, भरीव लाकडाची किंवा पत्र्याची करता येतात. मजुरी जास्त पडते, पत्रा वाजतो, पोचेही पडतात. बिल्डरच्या नमुना-फ्लॅटमध्ये असे स्वयंपाकघर मी अजून पाहिलेले नाही.