मांड आणि कणा : तरुण अश्वारोहकांच्या पाठदुखीविषयीच्या एका समजुतीचा परामर्श

मराठी भाषेने घोडेस्वाराच्या कौशल्याचे माप पाठीवरून नव्हे, मांडीवरून घेतले आहे. ‘पक्की मांड’, ‘घोड्यावर मांड ठोकणे’ हे प्रयोग त्याची साक्ष देतात. ‘ताठ कणा’ हा प्रयोग मात्र मुख्यतः नीतीच्या क्षेत्रातला असून तो स्वाभिमानाचा निदर्शक आहे. या दोहोंची गल्लत झाली, की ‘कणा जितका ताठ, तितका स्वार उत्तम व त्याची पाठ निरोगी’ असे समीकरण तयार होते. रूपक म्हणून जे शोभते ते शारीरिक शिक्षणाचा नियम म्हणून कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

नागपुरास हा प्रश्न परका नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगालपर्यंत मजल मारली. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिक येथे भोंसला सैनिकी शाळा स्थापन केली आणि तेथील शिक्षणात अश्वारोहणास स्थान मिळाले. या परंपरेत घोडेस्वारीचा गौरव झाला तो धैर्य व शिस्त यांच्या अंगाने. स्वाराच्या पाठीचे काय होते, हा विचार साहजिकच मागे राहिला. कारण वेदना सोसणे हाही शिक्षणाचाच भाग मानला गेला.

प्राचीनांचे मत मात्र इतके एकांगी नव्हते. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात स्वाराने खुर्चीवर बसल्यासारखे न बसता पाय फाकून उभे राहिल्यासारखे बसावे, असे सांगितले आहे. तसेच कमरेच्या वरचे शरीर शक्य तितके सैल ठेवावे, असाही त्याचा उपदेश आहे. आपल्याकडील मल्लखांबाची विद्या याच न्यायाने चालते. तेथे मांडीची पकड घट्ट असावी लागते, परंतु पाठ लवचिक नसेल तर पकड निरुपयोगी ठरते. ‘मांड’ या शब्दात जे शहाणपण आहे, ते ‘ताठ कणा’ या रूपकात नाही.

शरीररचनाही याच मतास पुष्टी देते. मानेचे सात, छातीचे बारा व कमरेचे पाच मणके मिळून होणारा कण्याचा भाग सरळ काठीसारखा नसून बाकदार आहे. दुडकीच्या चालीत घोड्याच्या प्रत्येक पूर्ण पावलागणिक स्वारास दोन हादरे बसतात. ते खुबा, कटिभाग आणि पोटापाठीचे स्नायू यांनी वाटून घ्यावयाचे असतात. पाठ ताठरली, की ही वाटणी बिघडते. पाठ पोक काढून ढिली सोडली, तरीही बिघडते. म्हणून ताठपणा आणि तोल यांत भेद करणे अगत्याचे आहे.

आधुनिक पुरावा काय सांगतो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात ५८ उच्च श्रेणीचे स्वार व ३० स्वारी न करणाऱ्या व्यक्ती यांची तुलना करण्यात आली. कंबरदुखीचा पूर्वेतिहास स्वारांपैकी ८८ टक्के, तर इतरांपैकी ३३ टक्के व्यक्तींनी सांगितला. परंतु चुंबकीय प्रतिमांमध्ये स्वारांच्या मणक्यांमधील चकत्यांची झीज अधिक असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. म्हणजे वेदना खरी. पण तिचे मूळ कण्याच्या झिजेत आहे, असे म्हणता येत नाही.

या निष्कर्षाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. हे स्वार प्रौढ होते. वाढत्या वयाच्या मुलामुलींना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे धाडसाचे होईल. पूर्वीच्या वेदनेची नोंद स्मरणावर अवलंबून असते. शिवाय एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण व परिणाम यांचा क्रम ठरत नाही. पाठ दुखते म्हणून स्वार वाकून बसतो, की वाकून बसतो म्हणून पाठ दुखते, याचा उलगडा तीच मुले काही वर्षे सातत्याने तपासल्याखेरीज होणार नाही. त्या तपासणीत शाळेतील बाकावर बसण्याचे तास, मांडीच्या मागील स्नायूंचा आखडलेपणा, धडाच्या स्नायूंची टिकाऊ शक्ती आणि आठवड्यातील स्वारीचा काळ यांची स्वतंत्र नोंद व्हावयास हवी.

तोपर्यंत एवढे मात्र निश्चित म्हणता येईल, की पाठदुखीची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यास ‘ताठ बस’ एवढेच सांगणे हे शिक्षण नव्हे. वाढीच्या वयात कमरेची वेदना टिकून राहत असेल, विशेषतः मागे वाकताना ती वाढत असेल, तर तिची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. अशा तक्रारीस भित्रेपणा समजणे म्हणजे रूपकाला शास्त्राच्या आसनावर बसविणे होय. आणि त्याची किंमत रूपक वापरणाऱ्यास नव्हे, तर घोड्यावर बसलेल्या मुलास द्यावी लागते.